सायबाचीबी झडती

पुनावळ्याचा अंडरपास रिकामा बघायचा असेल तर पहाटे साडेतीनला घरातून निघावं लागतं. दिवसा त्याच्या तोंडाशी गाडीत अडकून मी ऑफिसच्या अख्ख्या मीटिंगा उरकल्या आहेत. त्या पहाटे मात्र कॅब एका दमात हायवेवर चढली आणि मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले, "एवढ्या लवकर कशाला? इमान काय आपल्याला सोडून जाणारे व्हय?"

"जातं आप्पा. आणि आधी तपासणी असते, तिथं रांग लागते."

"कसली तपासणी?"

"अंगाची, पिशवीची. सगळ्यांची."

"बरं," म्हणाले आणि कमरेच्या चंचीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर, गाव खेड तालुक्यातलं, आयुष्यातली एकतीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली. दिल्लीला भावाकडे निघालो होतो. त्यांचा पहिला विमानप्रवास. मला धास्ती एकच होती. तपासणीच्या वेळी ते बावरतील, कुणीतरी खेकसेल, पांढरी टोपी काढायला लावतील आणि त्यांना ते लागेल. म्हणून रांगेत मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

बायकांची रांग वेगळी असते. पडद्याच्या खोपटात वर्दीतल्या ताईंनी माझ्या अंगावरून यंत्र फिरवलं, बांगड्यांपाशी ते किणकिणलं, झालं. बाहेर येऊन बघते तर आप्पा चौथऱ्यापाशी पोचलेले. जवानाने काही सांगायच्या आधीच ते वर चढले, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले, पाय थोडे फाकवले, मान वर केली आणि नजर समोरच्या भिंतीवर लावून उभे राहिले. इतकं सफाईदार, की जवानालाच हसू आलं. "बाबा, पहले भी आये हो?"

"कंपनीत व्हतो," आप्पा म्हणाले.

चंचीत मात्र अडकित्ता निघाला. त्याचा फोटो यंत्राच्या पडद्यावर स्पष्ट दिसला असणार, कारण चंची थेट बाजूच्या टेबलावर गेली. अडकित्ता विमानात नेता येणार नाही, हवं तर मागे जाऊन सामानात टाका, असं त्यांनी नीट सांगितलं. सामान केव्हाच गेलं होतं. आप्पांनी अडकित्ता एकदा उघडून मिटला आणि पेटीत टाकला. त्यांच्या पुढे सूट घातलेला एक गृहस्थ होता. त्याचा पट्टा ट्रेमध्ये, बूट हातात, आणि लायटर त्याच पेटीत.

बाकावर बसून चपला घालताना आप्पा माझ्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात, जणू काही गुपित सांगावं तसं म्हणाले, "हितं सायबाचीबी झडती घेत्यात की!"

त्यांचा चेहरा उजळला होता. अडकित्ता गेल्याचं दुःख मला शोधूनही सापडेना.

*

ते वाक्य समजायला मला वेळ लागला. कारखान्याच्या गेटवरची झडती मी कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामगारांची रांग लागायची. एकेकाने पुढे यायचं, हात पसरायचे, रखवालदार बगलेपासून पोटऱ्यांपर्यंत चाचपायचा. मग डबा उघडून दाखवायचा. आईने दिलेल्या कालवणाचा रिकामा डबा, तळाशी तेलाचा तवंग, तोसुद्धा. पितळेचा एखादा तुकडा, ड्रिलचं एखादं पातं बाहेर जाऊ नये म्हणून. भंगारातला पुठ्ठ्याचा खोका घरी न्यायचा तरी गेटपास लागायचा. आणि त्याच वेळी शेजारच्या फाटकातून साहेबांची गाडी यायची, दांडी वर व्हायची, तोच रखवालदार हात कपाळाला लावायचा. एकतीस वर्षं. रजा, सुट्या, संप वजा केले तरी नऊ हजारांच्या आसपास झडत्या होतात. नऊ हजार वेळा 'मी चोर नाही' हे शरीराने सांगायचं. एकदाही त्यांच्याकडे काही सापडलं नाही, आणि एकदाही त्याची नोंद कुठे झाली नाही.

आता चाकणला माझा आतेभाऊ एका मोठ्या कारखान्यात आहे. तिथे म्हणे बटण दाबायचं असतं. हिरवा दिवा लागला तर सरळ जायचं, लाल लागला तर बाजूला. कुणाला अडवायचं ते माणूस ठरवत नाही, यंत्र ठरवतं. त्याला ही पद्धत आवडते. रखवालदाराची मर्जी त्यात चालत नाही. पण ते बटण कामगारांच्या गेटवरच आहे, हेही त्याने आपणहून सांगितलं.

तर झडतीत माणसाला नेमकं काय टोचतं? अंगाला लागलेला परका हात? तो विमानतळावरही होताच. वस्तू काढून घेतली जाणं? अडकित्ता तर विमानतळावरच गेला. आप्पांना ज्या गोष्टीने एकतीस वर्षं टोचलं आणि ज्या गोष्टीने त्या पहाटे आनंद दिला, ती एकच होती. शेजारच्या फाटकातून कोण जातंय.

*

विमानतळावर जे जवान आपल्याला तपासतात ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. पण कुणाला तपासायचं, कसं, काय आत न्यायचं, काय नाही, हे नियम दुसरी संस्था करते. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, लोकांच्या तोंडी बीसीएएस. तिचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयात एक लहानसा कक्ष म्हणून हे काम सुरू झालं. स्वतंत्र खातं व्हायला १ एप्रिल १९८७ उजाडलं. मधल्या काळात कनिष्क घडलं होतं.

कनिष्कची गोष्ट बहुतेकांना एका ओळीत ठाऊक असते. २३ जून १९८५, एअर इंडियाचं विमान, आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट, ३२९ मृत्यू. मला त्यातला आधीच्या दिवसाचा भाग विसरता येत नाही. कॅनडातल्या व्हँकूवर विमानतळावर एक माणूस खिडकीपाशी येतो. टोरांटोपर्यंतचं त्याचं तिकीट पक्कं आहे, पुढचं एअर इंडियाचं पक्कं नाही. तरी त्याला बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत पाठवायची आहे. कर्मचारी बाई सांगते, नियमात बसत नाही. तो हुज्जत घालतो. मागे रांग वाढत चाललेली. शेवटी ती बाई त्याच्या बॅगेला हवी ती चिठ्ठी लावून देते. बॅग जाते. माणूस विमानात बसतच नाही. टोरांटोला बॅगा तपासायचं क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडलं, हातातल्या यंत्राने काम भागवलं गेलं. व्हँकूवरहूनच निघालेली तशीच दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली, तिथे सामान हलवणारे दोन कामगार गेले.

त्या बाईने काय केलं? रांगेत ताटकळणाऱ्या लोकांची तिला दया आली, एका तावातावाने बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तिने नमतं घेतलं. आपण रोज हेच करतो, आणि याला आपण माणुसकी म्हणतो. आज एखादा प्रवासी विमानात चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवली जाते, बाकीचे लोक आत बसून वैतागतात. त्या वैतागाच्या मुळाशी ही गोष्ट आहे. विमानतळावरचा जवळजवळ प्रत्येक चमत्कारिक नियम खरवडला तर खाली कुणीतरी मेलेलं सापडतं.

मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत ताब्यात घेतलं गेलं, ज्यात नीरजा भनोत गेली. ते अपहरणकर्ते कोणत्या वेशात आले होते? विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या. म्हणजे तपासणाऱ्यांच्याच. आज विमानतळावर वर्दीतल्यांचीही तपासणी होते, सफाई कामगारांची, जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांची, हवाई सुंदऱ्यांची, अगदी वैमानिकाचीही. वैमानिकाचं मला आधी हसू यायचं. ज्याच्या हातात अख्खं विमान द्यायचं त्याच्या बॅगेत कात्री आहे का म्हणून बघायचं! आता वाटतं, त्याला तपासण्यात दोन गोष्टी आहेत. वर्दी कुणीही शिवून घेऊ शकतो, ही एक. आणि मागच्या रांगेत हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे वैमानिकही हात पसरून उभा दिसतो, ही दुसरी. दुसरीचा सुरक्षेशी संबंध नाही असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही.

*

संशयाचे दोन प्रकार असतात. एक म्हणतो, 'तू केलं असशील.' दुसरा म्हणतो, 'कुणीही करू शकतं, आणि तू त्या कुणीहीमध्ये आहेस.' दोन्हींत कृती तीच, तेच चाचपणं. पण पहिल्यात माझ्याबद्दल एक निकाल आधीच लागलेला असतो. दुसऱ्यात माझ्याबद्दल कुणाला काहीच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसणं हा एक प्रकारचा आदरच आहे. माझी टोपी, माझी भाषा, माझा वास, माझं आडनाव यांच्यावरून तिथे काही ठरवलेलं नसतं.

महाराष्ट्राला पहिल्या प्रकारची चांगली ओळख आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींतली माणसं त्याखाली जन्मतःच संशयित झाली. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. आतल्यांनी हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी घ्यायची. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, १९५२ मध्ये ते कुंपण उठलं. कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, हे सांगायला नको. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं असेल त्यांना हे पाठ आहे. बाबासाहेबांनी जातीला समान विषमता म्हटलं नाही, श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. संशयाचीही अशीच उतरंड असते. तो नेहमी खाली वाहतो. साहेब कामगारावर घेतो, कामगार कंत्राटी पोरावर, कंत्राटी पोरगा बिहारहून आलेल्या नव्या पोरावर.

याला एक खणखणीत प्रतिवाद आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सगळ्यांना तपासणं हा मूर्खपणा आहे, असं म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या बुटात बघण्यात जो वेळ जातो, तो ज्याच्यावर खरा संशय आहे त्याच्यावर खर्च करा, असं ते म्हणतात. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी इस्रायलच्या विमानात बसायला आली. तिच्या बॅगेच्या चोरतळात दीड किलो स्फोटकं होती आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. होणाऱ्या नवऱ्याने ती बॅग भरून दिली होती. पोटात त्याचंच मूल होतं. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग सहीसलामत गेली. पकडली ती विमान कंपनीच्या लोकांनी, तिला चार प्रश्न विचारून, उत्तरं विचित्र वाटल्यावर. म्हणजे माणूस पारखणाऱ्यांचा विजय झाला, नाही का?

झाला. पण गोष्ट उलट्या बाजूनेही बघा. दिसण्यावरून संशयित ठरवायचे असते, तर गरोदर गोरी बाई यादीत सगळ्यात शेवटी आली असती. नवऱ्याने तिलाच निवडलं ते याचसाठी. कोण सुटतं ही यादी एकदा लोकांना कळली की वाईट माणूस नेमका तिथूनच आत येतो. तिला प्रश्न विचारले गेले, कारण तिला वगळलं गेलं नव्हतं.

*

मग वगळलं कुणाला जातं? अशी यादी आहे, आणि ती ब्यूरोच करते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, सरन्यायाधीश, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री अशी ती जाते. दलाई लामाही तिच्यात आहेत. बहुतेक नोंदी पदाच्या. रॉबर्ट वाद्रा यांचं नाव मात्र नावानिशी होतं, विशेष सुरक्षा असलेल्या कुटुंबीयांसोबत प्रवास करताना त्यांना सूट होती. त्यावर वर्षानुवर्षं कुजबुज झाली आणि २०१५ मध्ये ते नाव निघालं. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही. मुख्यमंत्र्याच्या खिशात सुरा नसणार हे मलाही माहीत आहे. पण आप्पांच्याही डब्यात ड्रिलचं पातं नव्हतं, आणि त्यांची खात्री देणारी यादी कुठल्याच ब्यूरोने केली नाही.

एप्रिल २००९ मध्ये दिल्लीला माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बसायला निघाले. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना थांबवलं, अंगझडती घेतली, बूट काढायला लावले. त्यांनी काढले आणि निमूट पुढे गेले. तक्रार केली नाही. तीन महिन्यांनी बातमी फुटली तेव्हा संसदेत गदारोळ झाला, ब्यूरोने विमान कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली, कंपनीने आधी 'आमच्याकडे कुणालाच सूट नसते' असं सांगितलं आणि मग माफी मागितली. कलामांचं नाव सूट असलेल्या यादीत होतं, त्यामुळे कायद्याने ब्यूरो बरोबर होती. पण त्या प्रसंगात सगळ्यात कमी अपमान झालेला माणूस मला कलामच वाटतात. आपण जो राग काढला तो त्यांच्या वतीने होता की स्वतःच्या, हे मला नक्की सांगता येत नाही. 'आमच्या मोठ्या माणसाला तुम्ही आमच्यासारखं वागवलंत!' असा काहीसा सूर त्यात होता. 'आमच्यासारखं' म्हणजे कसं, हे कुणी विचारलं नाही.

सगळ्या सवलती मात्र एका मापाने मोजू नयेत. शीख माणसाला देशांतर्गत प्रवासात कृपाण नेता येतं, पण पातं सहा इंचांहून लांब नको आणि पूर्ण लांबी नऊ इंचांहून जास्त नको. शबरीमलाला जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये हातातल्या सामानात नारळ न्यायला मुभा मिळाली, २० जानेवारी २०२५ पर्यंत, तीही यंत्रातून, स्फोटकांच्या चाचणीतून आणि हाताच्या तपासणीतून गेल्यावर. (एरवी नारळ का नको? सुकं खोबरं पटकन पेट घेतं. चुलीत करवंटी सारलेल्यांना हे सांगायची गरज नाही.) या सवलती मला खुपत नाहीत. त्यांना माप आहे, मुदत आहे, आणि त्या वस्तूला आहेत. नारळवाला स्वतः रांगेतच उभा असतो.

खुपते ती उलटी गोष्ट. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ टाकला होता. १९८१ च्या अपघातात पाय गमावून जयपूर फूटवर पुन्हा नाचायला उभी राहिलेली ही मुंबईची कलावती. दरवेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात, आम्हाला एखादं कार्ड द्या, असं त्या विनवत होत्या. सुरक्षा दलाने माफी मागितली आणि अपवादात्मक परिस्थितीतच पाय काढायला सांगायचा नियम असल्याचं स्पष्ट केलं. इथे माझा लाडका सिद्धांत लंगडा पडतो. 'सगळ्यांना सारखं' म्हणून त्यांनाही तेच, तर ते सारखं होत नाही. माझे बूट आणि त्यांचा पाय ही एकाच ट्रेमध्ये ठेवायची वस्तू नव्हे. समान तपासणीचा अर्थ समान कृती असा लावला की समानतेचीच शिक्षा होते. प्रत्येकाला किती सोसावं लागतं, ते सारखं हवं. त्यासाठी तपासणाऱ्याला डोकं वापरावं लागतं, आणि डोकं वापरायची मुभा दिली की मर्जी आलीच. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट मला दिल्लीहून परतताना सुचली. विमानतळावर ज्याची झडती होते, त्याचंच रक्षणही होत असतं. माझी बॅग उघडली ती आप्पांसाठी, आप्पांचा अडकित्ता गेला तो सूटवाल्यासाठी, त्याचा लायटर आम्हा दोघांसाठी. विमान एक, मरण एक. कारखान्याच्या गेटवर आप्पांची झडती व्हायची तेव्हा रक्षण कशाचं व्हायचं? दुसऱ्याच्या पितळेचं.

*

हे सगळं मी इतकं शहाण्यासारखं लिहितेय, त्यामागे एक हात वर केल्याची गोष्ट आहे.

आमची सोसायटी पुनावळ्यात आहे. चार विंगा, प्रत्येकी बावीस मजले, भोवती अजून अर्धी ऊसशेतं आणि अर्धे क्रेन. गेल्या वर्षी सी विंगमध्ये एका घरातून सोन्याची पाटली गेली. पोलिसांत तक्रार झाली, पाटली मिळाली नाही. क्लबहाउसमध्ये बैठक झाली आणि ठराव आला की घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या बाहेर जाताना गेटवर तपासाव्यात, आणि घरातून काही नेत असतील तर फ्लॅटधारकाची सहीची चिठ्ठी असावी. रात्रीचे साडेनऊ झाले होते. वर कुकर लावायचा होता. मी हात वर केला.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं असं, की घरात बाहेरचं येतं कोण? याच बायका. साडेतीनशे घरांतल्या सगळ्यांना तपासायला माणसं कुठून आणायची? बीसीएएससारखाच तर्क, फक्त दुसऱ्या टोकाला. पण पाटली नेणारा घरातला मुलगा असू शकतो, पाहुणा असू शकतो, एसी दुरुस्तीवाला, आणि पाटली माहेरच्या कपाटातही असू शकते. हे सगळे 'कुणीही'मध्ये येतात. ठरावात फक्त मावशी आल्या.

आमच्या मावशी लातूरकडच्या. मारुंजीला पत्र्याच्या खोलीत राहतात, पाच घरं करतात. होळीला मी त्यांना दोन पुरणपोळ्या आणि एक जुनी साडी दिली. त्या दारात घुटमळल्या.

"ताई, चिठ्ठी द्या की."

मी फ्रिजवरच्या पॅडचा कागद फाडला आणि लिहिलं, 'पुरणपोळी दोन, साडी एक, मी दिली आहे.' खाली फ्लॅट नंबर आणि सही. आप्पा तेव्हा आमच्याकडेच राहायला होते, सोफ्यावर पेपर वाचत. मावशी गेल्यावर त्यांनी पेपर खाली केला.

"गेटपास व्हय?"

मी हो म्हटलं. त्यांनी पेपर पुन्हा वर केला. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा सकाळी दूध आणायला खाली उतरले की गेटवर थांबायला लागले. वॉचमनपुढे कापडी पिशवी उघडून धरायची, तो बघेपर्यंत हलायचं नाही, मग दोन्ही हात पसरायचे. पहिल्या दिवशी वॉचमन हसला, चौथ्या दिवशी त्याला घाम फुटला. तो पोरगाही बिहारचा, बारा तासांची पाळी. सुटताना एजन्सीचा सुपरवायझर त्याचीही बॅग बघतो, हे आप्पांनीच त्याच्याकडून काढून घेतलं. ही आप्पांची सवय होती की सत्याग्रह, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "नियम हाय तर दावायचं."

आठवड्याने सेक्रेटरींचा मला मेसेज आला, ग्रुपवर नाही, वेगळा. 'मॅडम, काकांना कृपया सांगा, सीनियर सिटिझन आहेत, गार्ड लोकांना ऑकवर्ड होतं.' मी बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग लिहिलं की पुढच्या सभेत मला ठराव क्रमांक चारवर बोलायचं आहे. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी गाडी गेटच्या अलीकडे उभी केली, लॅपटॉपची बॅग घेऊन उतरले आणि वॉचमनच्या टेबलावर ती उघडून ठेवली. म्हटलं, तपास आणि ॲपमध्ये नोंद कर. त्याने बॅगेकडे पाहिलं नाही. फोन हातात घेतला, अंगठ्याने वर-खाली केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

"मॅडम, आपका ऑप्शन ही नहीं है इसमें. खाली मेड का आता है."

मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला, तशी मी बॅगेची चेन लावली आणि गाडी काढली.